दोनदा टाकलेली तलवार

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर पाऊस ओसरण्याची वाट पाहत आम्ही चर्चच्या पडवीत उभे होतो. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण जवळ येऊन उभा राहिला. शहरातील एका कारखान्यात तो लेथवर काम करतो. मितभाषी आहे, उगाच कोणाचा वेळ घेणारा नव्हे. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर तो म्हणाला, "आपण लिहिता-वाचता, म्हणून विचारतो. एखाद्या गोष्टीने आपल्याला काही शिकवावे, आपण तसे वागावे, आणि पुढे त्या गोष्टीनेच आपला शब्द फिरवावा, तर आपण काय समजायचे?"

गोष्ट कोणती, असे आम्ही विचारले. त्याने जे नाव घेतले ते ऐकून आम्हांस प्रथम हसू आले, हे कबूल केले पाहिजे. ती होती 'स्टार वॉर्स' या अमेरिकन चित्रपटमालिकेची गोष्ट. परंतु त्याचे म्हणणे पुरते ऐकल्यावर ते हसू मावळले. आज त्याच विषयावर चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

ज्या वाचकांनी हे चित्रपट पाहिले नसतील त्यांच्यासाठी कथेचा सारांश सांगणे अवश्य आहे. जॉर्ज लुकास या दिग्दर्शकाचा या मालिकेतील पहिला चित्रपट 1977 सालच्या मे महिन्यात अमेरिकेत प्रदर्शित झाला. दूरच्या ग्रहांवर एक जुलमी साम्राज्य पसरले आहे. अशा एका रुक्ष वाळवंटी ग्रहावर ल्यूक स्कायवॉकर नावाचा मुलगा काका-काकूंच्या शेतावर वाढतो. पूर्वी 'जेडाय' नावाचा एक पंथ होता. त्यातील माणसे अर्धी संन्यासी व अर्धी योद्धे. त्यांच्या हाती प्रकाशाची तलवार असे, आणि सर्व सजीवांस बांधून ठेवणाऱ्या एका अदृश्य शक्तीवर त्यांचा विश्वास असे. ओबी-वान नावाच्या एका वृद्ध जेडायकडून ल्यूक ती विद्या घेऊ लागतो. काळा मुखवटा घातलेला, यंत्राच्या साहाय्याने श्वास घेणारा डार्थ व्हेडर हा त्याचा शत्रू होय. 1980 सालच्या दुसऱ्या चित्रपटात ल्यूकला कळते की, हा व्हेडर म्हणजे आपला जन्मदाता बाप.

आता खरी कसोटी लागते. व्हेडरमध्ये चांगले असे काही उरलेले नाही, असे ओबी-वानचे ठाम मत. ल्यूक मात्र म्हणतो की, त्याच्यात अजून चांगुलपणा आहे, मला तो जाणवला आहे. 1983 सालच्या 'रिटर्न ऑफ द जेडाय' या तिसऱ्या चित्रपटात बापलेक समोरासमोर येतात. क्रोधाच्या भरात ल्यूक बापाचा हात तोडतो. तो हात यंत्राचा निघतो. ल्यूक स्वतःच्या हाताकडे पाहतो, तर तोही यंत्राचाच. पूर्वीच्या झुंजीत त्याचा मूळचा हात बापानेच तोडलेला असतो. आपणही याच वाटेने निघालो आहोत, हे त्या क्षणी त्याला उमगते. बादशहा त्याला बापास ठार करण्याची चिथावणी देत असतो. ल्यूक तलवार दूर फेकून देतो. चिडलेला बादशहा त्याला विजेच्या लोळांनी जाळू लागतो, आणि पोराची ती तडफड पाहून व्हेडर बादशहाला उचलून खोल विवरात फेकतो. मरताना तो मुलाला मुखवटा काढावयास सांगतो. आत एक फिकट, थकलेला, साधा माणूस असतो.

प्रभू येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यात मुलगा घरी परततो, आणि बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो. संत लूकच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायातील ही कथा आपल्यापैकी कोणास ठाऊक नाही? या चित्रपटात नात्याची अदलाबदल आहे इतकेच. येथे बाप उधळा आहे, आणि त्याला घरी आणण्यास मुलगा निघाला आहे.

आमच्या त्या तरुणाने हा चित्रपट शाळेत असताना मित्राच्या घरी दूरदर्शन संचावर पाहिला होता. त्याचा स्वतःचा बाप दारूपायी घर सोडून गेला, तेव्हा हा बारा वर्षांचा होता. नऊ वर्षांनी तो बाप आजारी होऊन एका संध्याकाळी दारात येऊन उभा राहिला. भाऊबंद म्हणाले, आत घेऊ नका. आई चुलीपुढे बसली होती. ती काहीच बोलली नाही. "मी कडी काढली," तो तरुण म्हणाला. "त्या वेळी डोळ्यांपुढे तो मुखवटा काढलेला चेहराच होता. बाबांचा चेहरा तसाच दिसत होता." पुढे तीन वर्षांनी बाप वारला. अंत्यविधीस भाऊबंद आले होते, आणि आईने रोजरी स्वतः सांगितली.

असे असता, पुढे कित्येक वर्षांनी त्याने त्याच ल्यूकचा नवा चित्रपट पाहिला. त्यात वृद्ध झालेला ल्यूक आपल्या निजलेल्या भाच्यावर तलवार उगारून उभा असलेला त्याला दिसला. "ज्याने तसल्या बापालाही टाकले नाही, तो बहिणीच्या मुलावर तलवार उगारतो? मग मी कोणाचे ऐकले होते?" हा त्याचा प्रश्न.

ही तक्रार या एकाच तरुणाची आहे असे नाही. जगभर या चित्रपटांचे असंख्य चाहते आहेत, आणि त्यांच्यात हा वाद अनेक वर्षे चालला आहे. तो नीट समजून घेण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. कारण या मालिकेची नीती बदलल्याची पहिली मोठी तक्रार 1997 सालची आहे, आणि ती अगदी उलट प्रकारची होती.

पहिल्या चित्रपटात हान सोलो नावाचा एक तस्कर आहे. एका गुत्त्यात त्याला पकडण्यास आलेला भाडोत्री मारेकरी त्याच्यावर बंदूक रोखून समोर बसतो. हान त्याला बोलण्यात गुंतवतो आणि मेजाखालून गोळी झाडून ठार करतो. 1977 साली प्रेक्षकांनी पाहिले ते असे. वीस वर्षांनी लुकास यांनी चित्रपटांची नवी आवृत्ती काढली, त्या वेळी हा प्रसंग बदलला. आता मारेकरी आधी गोळी झाडतो, त्याचा नेम चुकतो, आणि मग हान उलट झाडतो. पुढे नायिकेचे पाणिग्रहण करणारा हा पुरुष थंडपणे जीव घेणारा असावा काय, असा विचार लुकास यांनी त्यामागे सांगितला. हेतू वाईट होता असे कोण म्हणेल? तरीही चाहते संतापले. हाननेच आधी गोळी झाडली, अशा अर्थाची वाक्ये छापलेले सदरे घालून ते हिंडू लागले. 2004 साली आणि पुन्हा 2019 साली त्याच प्रसंगात आणखी फेरफार झाले. पण समाधान कोणाचेच झाले नाही.

वरवर पाहता हा पोरखेळ वाटेल. तथापि त्या तक्रारीत एक खोल सत्य आहे, असे आम्हांस वाटते. पहिल्या चित्रपटाच्या अखेरीस हान आपले पैसे घेऊन चालता होतो. मित्र मरणाच्या दारात असताना त्यांस सोडून जातो. आणि अगदी शेवटच्या घटकेस तो परत येतो व ल्यूकचे प्राण वाचवितो. त्या परत येण्याचे मोल कशावर अवलंबून आहे? तो आधी कसा होता यावर. तो मुळातच सज्जन होता असे दाखविले, तर परतण्याला अर्थ कोणता? जकातदार जक्कय आधीपासूनच प्रामाणिक असता, तर त्याने चौपट परत करण्याची गोष्ट शुभवर्तमानात कशाला आली असती? पापी माणसाचे पाप खोडून टाकले की, त्याचा पश्चात्तापही त्याबरोबर खोडला जातो.

आता दुसरी तक्रार पाहू. 2012 साली लुकास यांनी आपली चित्रसंस्था डिस्ने या बड्या कंपनीस सुमारे चार अब्ज डॉलरांस विकण्याचा करार केला. नव्या मालकांनी 2015 साली कथा पुढे सुरू केली. बापाच्या मृत्यूला सुमारे तीस वर्षे लोटली आहेत. ल्यूकच्या बहिणीचा व हानचा मुलगा बेन दुष्टांना जाऊन मिळाला आहे, आणि ल्यूक परागंदा झाला आहे. चित्रपटाच्या अखेरीस एक तरुणी त्याला एका निर्जन बेटावर शोधून काढते आणि त्याच्या बापाची जुनी तलवार त्याच्यापुढे धरते. त्या दृश्याचे चित्रण आयर्लंडजवळच्या स्केलिग मायकल या बेटावर झाले. समुद्रातून उभ्या चढलेल्या त्या खडकावर प्राचीन काळी ख्रिस्ती संन्यासी राहत असत. त्यांच्या दगडी झोपड्या आजही तेथे उभ्या आहेत. एकांतवासासाठी याहून योग्य जागा सापडणे कठीण.

प्रेक्षक दोन वर्षे वाट पाहत राहिले. 2017 साली रायन जॉन्सन यांचा 'द लास्ट जेडाय' आला. त्यात ल्यूक ती तलवार हाती घेतो, क्षणभर पाहतो, आणि खांद्यावरून मागे भिरकावून देतो. मग हळूहळू कळते की, भाच्याच्या मनात वाढत चाललेला अंधार पाहून एका रात्री त्याने निजलेल्या बेनवर तलवार काढली होती. तो मोह एका क्षणात ओसरला आणि केवळ लाज उरली; पण तेवढ्यात बेनला जाग आली, आणि समोर त्याने मामाला उगारल्या तलवारीनिशी पाहिले. पुढचा सारा अनर्थ त्यातून झाला.

एकाच माणसाने दोनदा तलवार टाकली. 1983 साली टाकली ती दयेने. 2017 साली टाकली ती निराशेने. चाहत्यांचे दुःख या दोन दृश्यांच्या मधल्या अंतरात आहे. ल्यूकची भूमिका करणारे नट मार्क हॅमिल यांनीही, या पात्राविषयी दिग्दर्शकाने घेतलेले निर्णय आपणांस मुळीच पटले नव्हते, असे उघडपणे सांगितले होते. आपल्या शंका जाहीरपणे बोलून दाखविल्याबद्दल त्यांनी मागाहून खेदही व्यक्त केला.

येथे वाचक म्हणतील, चाहत्यांचे हे वागणे विसंगत नाही काय? पापी माणसास स्वच्छ केले तेव्हाही ते रागावले, आणि सज्जनास डाग लावला तेव्हाही. आमच्या मते यात विसंगती नाही. दोन्ही वेळी हरवली ती मधली वाट. हानच्या बाबतीत वाटेचा आरंभ पुसला गेला. ल्यूकच्या बाबतीत आरंभ दिसतो, शेवट दिसतो, पण मधली तीस वर्षे कोणी दाखवीत नाही. बापाच्या काळ्याकुट्ट अंतःकरणातही ज्याने ठिणगी पाहिली, त्याला भाच्याच्या अंतःकरणात ती का दिसू नये? त्याचा विश्वास कोठे झिजला, केव्हा झिजला? या प्रश्नांस कथेने दोन-चार वाक्यांत उत्तर दिले. माणूस बदलतो, हे कोणीही मान्य करील. परंतु ज्यांनी त्या माणसावर चाळीस वर्षे माया केली, त्यांना तो कसा बदलला हे विचारण्याचा हक्क आहे. इतके चाहत्यांचे म्हणणे आम्ही न्याय्य मानतो.

परंतु सज्जन माणूस पडूच शकत नाही, असे जर कोणी म्हणू लागला, तर तेथे आम्ही त्याच्याबरोबर नाही. गुरूसाठी प्राण देईन म्हणणाऱ्या पेत्राने त्याच रात्री कोंबडा आरवण्यापूर्वी तीनदा गुरूला नाकारले. शुभवर्तमानाने ते झाकून ठेवलेले नाही. आणि बाहेर जाऊन तो अतिशय रडला, हेही झाकलेले नाही. ज्यांनी रागाच्या भरात 2017 चा चित्रपट अर्ध्यातच सोडला, त्यांनी त्याचा शेवट ध्यानात घेतलेला दिसत नाही. अखेरीस ल्यूक भाच्यासमोर येऊन उभा राहतो. आपण तुझ्या बाबतीत उणे पडलो, हे तो त्याच्या तोंडावर कबूल करतो. हातात तलवार दिसते, पण तो एकही वार करीत नाही. देहाने तो दूर बेटावरच असतो. समोर असते ती केवळ त्याची प्रतिमा. ती उभी राहते, तेवढ्या वेळात मूठभर माणसे निसटून वाचतात, आणि त्या श्रमाने ल्यूक प्राण सोडतो. पहिल्या चित्रपटात ओबी-वानने व्हेडरपुढे तलवार उभी धरून स्वतःवर वार होऊ दिला होता, त्याची ही आठवण नव्हे काय? पडलेला माणूस कबुलीजबाब देऊन उठला, ही कथा आपणांस परकी वाटू नये.

पुढचा चित्रपट 2019 साली आला, त्यात निर्माते स्वतःच गोंधळलेले दिसतात. ती तरुणी निराश होऊन तलवार आगीत फेकते, तेव्हा दिवंगत ल्यूकचा आत्मा ती वरच्यावर झेलतो आणि अशा शस्त्राचा अधिक मान राखावा असे तिला सुनावतो. दोन वर्षांपूर्वीच्या दृश्याबद्दलची ही जणू क्षमायाचनाच. त्याच चित्रपटात जुना बादशहा पुन्हा जिवंत निघतो. मग व्हेडरने मुलासाठी जीव दिला तो व्यर्थच काय, असा नवा आक्रोश उठला. तोही निराधार नव्हता. मात्र बेनही अखेर परत फिरतो आणि त्या तरुणीसाठी स्वतःचा प्राण वेचतो, हे सांगितले नाही तर आम्ही अन्याय केल्यासारखे होईल.

आतापर्यंत आम्ही चाहत्यांची बाजू बरीच मांडली. आता जे सांगावयाचे ते कटू आहे. 2017 च्या चित्रपटात केली मेरी ट्रॅन या नटीने एका साध्या कामगार मुलीची भूमिका केली होती. तिचे आईवडील व्हिएतनाममधून अमेरिकेत आलेले. कथेवरचा राग काही लोकांनी तिच्यावर काढला. तिच्या रूपावरून व वंशावरून तिला इतके घाणेरडे बोल ऐकावे लागले की, 2018 साली समाजमाध्यमावरील आपले सर्व लिखाण तिने पुसून टाकले. त्यापूर्वी 1999 सालच्या चित्रपटात जार जार नावाच्या विदूषकी पात्राचे काम अहमद बेस्ट या नटाने केले होते. ते पात्र लोकांना आवडले नाही. त्यांनी त्या नटावर जी आग पाखडली, तिच्यामुळे आपण जीव देण्याच्या विचारापर्यंत पोचलो होतो, असे त्यांनी सुमारे वीस वर्षांनी सांगितले.

क्षणभर विचार करा. लाखो जीवांचा घात करणाऱ्या व्हेडरलाही क्षमा मिळते, या कथेवर ज्यांचे प्रेम, त्यांनीच एका निरपराध मुलीला, नेमून दिलेले काम केल्याबद्दल, क्षमा केली नाही. कथेची नीती बदलली म्हणून ज्यांनी टाहो फोडला, त्यांच्यापैकी काहींच्या अंगी ती नीती कधी उतरलीच नव्हती. सर्वच चाहते तसे नव्हते; कित्येकांनी त्या नटीची बाजू उचलून धरली, हेही खरे. पण आपल्या आवडत्या गोष्टीचे रक्षण करता करता माणूस त्या गोष्टीलाच कसा पायदळी तुडवितो, याचे हे उदाहरण विसरण्याजोगे नाही. भक्तीच्या क्षेत्रातही हे घडते. मिरवणुकीत क्रूस कोणी धरावयाचा यावरून भाऊ भावाशी वर्षानुवर्षे बोलत नाही, असे आपण पाहिले नाही काय?

ओबी-वानचे काम करणारे थोर इंग्रज नट ॲलेक गिनेस यांनी 1956 साली कॅथोलिक पंथाचा स्वीकार केला होता. त्यांनी आपल्या 1999 सालच्या पुस्तकात एक आठवण दिली आहे. एक मुलगा त्यांना भेटला आणि मोठ्या अभिमानाने म्हणाला की, आपण हा चित्रपट शंभराहून अधिक वेळा पाहिला आहे. तो चित्रपट यापुढे पुन्हा पाहणार नाहीस असे वचन देशील का, असे गिनेस यांनी त्यास विचारले. मुलाला रडू कोसळले, आणि त्याची आई रागावली. गिनेस यांचे बोलणे कठोर होते, यात शंका नाही. पण हा लहानगा उसन्या, पोरकट कल्पनांच्या जगात तर वाढत नाही ना, ही त्यांची काळजी होती. चांगुलपणा शंभर वेळा पाहण्याने येत नाही. एकदा करण्याने येतो. शंभर वेळा पाहिलेली गोष्ट कंपनीच्या मालकीची राहते, आणि कंपनी ती वाटेल तेव्हा बदलू शकते. एकदा केलेली गोष्ट मात्र कोणासही बदलता येत नाही.

आणि आमच्या त्या तरुणास आम्ही पडवीत हेच उत्तर दिले. आम्ही म्हणालो, "बाळा, त्या संध्याकाळी तू ज्याचे ऐकलेस तो पडद्यावरचा माणूस नव्हता. त्या गोष्टीने तुला तुझ्या बापाचा चेहरा ओळखावयास मदत केली, याबद्दल तिचे आभार मान. पण कडी तुझ्या हाताने निघाली. त्या गोष्टीचे मालक आता ल्यूकला काय वाटेल ते करोत. तू काढलेली कडी त्यांना पुन्हा लावता येणार नाही."

तो काही वेळ पावसाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "आता माझा मुलगा सात वर्षांचा झाला. त्याला यातले कुठले चित्रपट दाखवू?" आम्ही म्हणालो, जुने तिन्ही आधी दाखव, आणि त्याच्या शेजारी बसून पाहा. मोठा झाल्यावर नवेही दाखव. थोर माणूस पडतो कसा आणि पडल्यावर उठतो कसा, हेही त्याला कधीतरी कळले पाहिजे. पण सर्वांआधी त्याला आजोबांची गोष्ट सांग. ते कसे गेले तेही सांग. ते झाकून ठेवू नकोस. नाही तर ते परत आले याचा अर्थ त्याला कसा कळावा?

एव्हाना पाऊस थांबला होता. आपल्या वाचकांच्या घरीही मुले असे चित्रपट पाहत असतील, आणि कधी रागाने, कधी रडवेल्या चेहऱ्याने त्यांविषयी बोलत असतील. त्यांस हसू नये, एवढीच आमची विनंती. मूल एखाद्या गोष्टीवर रुसते, तेव्हा बहुधा ते त्यातील चांगुलपणावरच्या आपल्या विश्वासासाठी रुसलेले असते. त्याच्याजवळ बसावे, आणि त्या गोष्टीत कोणाला क्षमा मिळाली, ती कोणी दिली, हे त्याच्याच तोंडून ऐकावे. मग आपल्या घरात कोणाची क्षमा अजून अडून राहिली आहे, याचा विचार वडीलधाऱ्यांनी करावा.